विसार

खरसुंडीच्या बाजारात तात्यांनी
एकदा विसार परत केला होता.
रुमालाखाली बोटं दाबून झालेली,
आकडा ठरलेला,
खिलार खोंडाच्या कपाळावर गुलालही पडलेला.
मग तात्यांची नजर गेली
घेणाऱ्याच्या मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बैलाकडं.
पुठ्ठ्यावर पराणीची भोकं, त्यातली काही ओली.
"पाव्हणं, हे तुमचं पैसं.
खोंड घरी जायाचं म्हणतंय."

मी दहा वर्षांचा. बाजार हसला
आणि मला तात्यांची लाज वाटली.
येताना उसाचा रस मिळायचा होता, तोही नाही.

तात्या गेले. खुंटीला बंदूक राहिली,
बारा बोअरची, दोन नळ्यांची,
डाळिंबात घुसणाऱ्या डुकरांसाठी घेतलेली.
परवान्याचं पुस्तक तात्यांच्या नावावर
आणि तात्या तर सातबाऱ्यावरूनही उतरलेले.
तहसीलला गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला,
वारस म्हणून अर्ज करा, नाहीतर ठाण्यात जमा करा.
विकायची तर आधी कळवा,
घेणाऱ्याची चौकशी होईल, तोवर थांबा.
किती थांबायचं?
तो पंख्याकडं बघत राहिला.

जालिंदर यात्रेला आलेला.
गलाईवाला, सेलमला दुकान.
त्याची रीत पंचक्रोशीला ठाऊक:
सख्ख्या मेहुण्याची अंगठीसुद्धा
दगडावर घासल्याशिवाय,
तेजाबाचा थेंब टाकल्याशिवाय
खरी मानायचा नाही.
माझ्या ओट्यावर त्यानं चहा घेतला,
बंदूक मोडून नळीतनं उजेड बघितला,
मिटवली, आणि कॅलेंडरातल्या तारखेवर नेम धरला.
"रात्रीबेरात्री माल असतो संगं.
कागद काय, मागाहून करू."
शंभराच्या स्टॅम्पवर दोन सह्या.
पंचेचाळीस हजार, सगळ्या पाचशेच्या.
मी एकेक नोट उन्हात धरून बघितली,
तार आहे का, पाण्यातलं चित्र आहे का.

त्याला नाही बघितलं.

त्याची बायको शैला त्याच पावसाळ्यात
हाताला प्लास्टर घालून माहेरी आली होती.
हे गिरणीवर माहीत होतं.
कासाराला माहीत होतं,
नागपंचमीला त्यानं एकाच हातात बांगड्या भरल्या होत्या.
आमच्या हिलाही माहीत होतं.
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही कुठं विचारलंत."

माघात फौजदार दारात.
नळीवर खोदलेला नंबर
तात्यांच्या पुस्तकातल्या नंबराला
आकड्याला आकडा जुळत होता.
कागदावर शैलाचं नाव होतं, त्याच्या आधी 'मयत' लिहिलेलं,
आणि चार ओळी सोडून माझं.
मी म्हणालो, साहेब, मी तर फक्त विकली.
ते म्हणाले, तेच लिहितोय.

आता विट्याला तारखा पडतात.
वकील सांगतात, जास्त बोलू नका,
एवढंच म्हणा: मला माहीत नव्हतं.
खोटं नाही ते.
एसटीत बसून मी ते वाक्य घासून बघतो,
रेघ पिवळीधमक उमटते.
थेंब टाकला
की राहत नाही.

कोर्टाच्या बाकावर शैलाचा बाप असतो,
टोपी मांडीवर. आमच्यात दोन माणसांची जागा मोकळी,
गर्दी असली तरी तिथं कुणी बसत नाही.
एकदा त्यांनी विचारलं, केवढ्याला दिलीत?
मी सांगितलं.
त्यांनी मान हलवली,
बाजारात भाव ऐकून हलवतात तशी.

विसार परत करायचा
तर हात पुढं करणारा कुणीतरी लागतो.
शिवाय ते पैसे कधीच गेले,
ठिबकच्या नळ्या आणल्या, दोन एकराला पुरल्या.
पाणी अजून जातं त्यातनं, थेंब थेंब.
डुकरं येतातच.
मी पत्र्याचा डबा घेऊन बांधावर बसतो
आणि उजाडेपर्यंत बडवतो.